कानावर घातलं होतं

शनिवारची सकाळ. १० फेब्रुवारी २००१. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पेन स्टेट विद्यापीठाभोवती वाढलेल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात माइक मॅक्वेरी नावाचा एक तरुण सहायक आपल्या कोचच्या घरी गेला. आदल्या रात्री फुटबॉल संघाच्या इमारतीत तो काही कामासाठी गेला होता. तिथे शॉवरमध्ये त्याला जेरी सँडस्की दिसला, संघाचा अनेक वर्षांचा नावाजलेला सहप्रशिक्षक, आता निवृत्त. त्याच्याबरोबर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा होता. जे चाललं होतं ते लैंगिक होतं, याबद्दल मॅक्वेरीच्या मनात शंका नव्हती. तिथून बाहेर पडून त्याने वडिलांना फोन केला. वडील आणि घरोब्याचे एक डॉक्टर यांनी विचार करून सांगितलं, सकाळी कोचना जाऊन सांग. पोलिसांना कळव असं त्या रात्री कुणीच म्हणालं नाही.

कोच म्हणजे जो पटर्नो. वय चौऱ्याहत्तर. पुढे साक्षीत मॅक्वेरीने सांगितलं की त्याने कोचना सगळे तपशील दिले नाहीत. त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. पण जेवढं सांगितलं तेवढ्यावरूनही प्रकार लैंगिक होता हे पटर्नोंना कळलं होतं. दहा वर्षांनी ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. त्या सकाळी त्यांनी मॅक्वेरीला धीर दिला: तू करायचं ते केलंस, आता पुढे काय करायचं ते बघणं माझं काम. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांनी क्रीडा संचालक टिम कर्ली यांना सांगितलं. लगेच शनिवारीच का नाही सांगितलं? शनिवार-रविवारची सुट्टी होती, लोकांच्या सुट्टीत व्यत्यय नको वाटला. हे कारणही त्यांनी साक्षीतच दिलं आहे.

मराठीत आपण याला कानावर घालणं म्हणतो. सांगणं वेगळं, विचारणं वेगळं, भांडणं तर फारच वेगळं. कानावर घातलं की गोष्ट आपल्या डोक्यातून निघून दुसऱ्याच्या कानात जाते आणि आपण मोकळे होतो. पुढे कुणी जाब विचारला तर उत्तर तयार असतं: मी कानावर घातलं होतं. हे खोटंही नसतं. पटर्नोही खोटं बोलत नव्हते.

मी या प्रकरणाबद्दल गेली कित्येक वर्षं वाचते आहे. फुटबॉलशी माझं काही देणंघेणं नाही, अमेरिकन फुटबॉलचे नियमही मला धड कळत नाहीत. वाचते, कारण मीही एकदा कानावर घातलं होतं. त्याकडे येतेच.

आधी पटर्नो. त्यांना खलनायक समजून हे प्रकरण वाचलं तर त्यातलं काहीच हाती लागत नाही. ब्रुकलिनचा मुलगा. ब्राऊन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला. १९५० मध्ये पेन स्टेटला सहायक म्हणून आला, १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०११ पर्यंत त्याच जागी राहिला. दोन राष्ट्रीय विजेतेपदं, ४०९ विजय. पण लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला तो विजयांपेक्षा वेगळ्या कारणासाठी. खेळाडूने वर्गात बसलं पाहिजे, परीक्षा दिली पाहिजे, पदवी घेऊन बाहेर पडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी चार दशकं पाळून दाखवला. जिंकायचं, पण मानाने, हे त्यांच्या संघाचं ब्रीद. पत्नीबरोबर त्यांनी विद्यापीठाला चाळीस लाखांहून अधिक डॉलर दिले. तिथे त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे. फुटबॉल कोचच्या नावाचं ग्रंथालय! जाड काचांचा चष्मा, आखूड पँट, पांढरे मोजे, काळे बूट. कित्येक वर्षं त्याच साध्या घरात राहणं, फोन नंबर सगळ्यांना माहीत असणं. संघाचा गणवेशही तसाच साधा आणि पाठीवर कुणाचंही नाव नाही. संघ मोठा, व्यक्ती नाही, अशी त्यामागची शिकवण.

हा माणूस ढोंगी होता असं मला वाटत नाही. तो चांगला होता असंच वाटतं, आणि म्हणूनच त्या शनिवारपाशी मी पुन्हा पुन्हा अडकते.

त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, त्यांनी नियम पाळला. हे खरं आहे. पेनसिल्व्हेनियात तेव्हाचा कायदाच असा होता की संस्थेत काम करणाऱ्याने आपल्या वरिष्ठाला सांगायचं आणि पुढची तक्रार वरिष्ठाने करायची. सरकारी वकिलांनी पटर्नोंवर कधीही आरोप ठेवला नाही. ते सरकार पक्षाचे साक्षीदार होते. पण २०११ मध्ये प्रकरण बाहेर आलं, तेव्हा राज्य पोलिसांच्या प्रमुखांनीच पत्रकारांसमोर सांगितलं की कायद्याचं कर्तव्य पार पडलं असेल, नैतिक जबाबदारीचं काय? कायद्याने काय करावं याचं उत्तर पुढे मिळालं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता वरिष्ठाला सांगून भागत नाही, ज्याला कळलं त्यानेच थेट बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचं. कानावर घालण्याची पळवाट कायद्याने बंद केली.

पण 'वरिष्ठ' या शब्दावर मला थांबायचं आहे. कागदावर कर्ली हे पटर्नोंचे वरिष्ठ होते आणि त्यांच्यावर विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर. २००४ मध्ये संघ सारखा हरत होता, तेव्हा स्पॅनियर आणि कर्ली पटर्नोंच्या घरी गेले आणि आता निवृत्त व्हा असं सुचवलं. पटर्नोंनी नकार दिला आणि विषय संपला. ते आणखी सात वर्षं कोच राहिले. ज्या 'वरिष्ठां'ना ते घरातून रिकाम्या हाताने परत पाठवू शकत होते, त्याच वरिष्ठांच्या कानावर घालून ते २००१ मध्ये मोकळे झाले होते. एरवी त्या गावात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्या एका शनिवार-रविवारी मात्र ते साधे नोकर झाले, नियमपुस्तिका पाळणारे, आपली पायरी ओळखून असणारे. मला यातलं काही क्षम्य वाटत नसेल तर ते हेच. वजन होतं. ते कधी वापरायचं आणि कधी खाली ठेवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं.

त्याच इमारतीतली दुसरी हकीकत याच्या शेजारी ठेवून बघावी. २००० मध्ये, म्हणजे मॅक्वेरीच्या आधी काही महिने, तिथल्या एका सफाई कामगाराने सँडस्कीला असंच एका मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. तो कोरियाच्या युद्धात लढलेला माणूस होता. युद्धात माणसं मरताना पाहिली, पण हे मी आयुष्यात विसरणार नाही, असं तो थरथरत सहकाऱ्यांना सांगत होता. त्या सगळ्यांनी मिळून गप्प राहायचं ठरवलं, कारण बोललं तर नोकरी जाईल ही खात्री. फुटबॉलच्या विरोधात तिथे कोण ऐकणार? त्यांचं गप्प राहणं मला बरोबर वाटत नाही, पण समजतं. त्यांच्याकडे गमावण्यासारखं होतं आणि वापरण्यासारखं काहीच नव्हतं. पटर्नोंचं उलट होतं. त्यांनी एक फोन केला असता तर त्यांना कोण काढणार होतं?

पुढे काय झालं ते ई-मेलमध्ये नोंदलेलं आहे. कर्ली, उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि स्पॅनियर यांनी आधी ठरवलं होतं की राज्याच्या बालकल्याण खात्याला कळवायचं. २७ फेब्रुवारीला कर्लींनी लिहिलं की आणखी विचार केल्यावर आणि काल जो यांच्याशी बोलल्यावर मला ते तसं करणं बरं वाटत नाही, आधी सँडस्कीशीच बोलू. त्या बोलण्यात पटर्नो काय म्हणाले याची नोंद नाही. त्यांच्या कुटुंबाचं म्हणणं की त्यांनी कर्लींना काहीही सुचवलं नव्हतं. स्पॅनियर यांनी उत्तरात होकार दिला आणि धोकाही लिहून ठेवला: सँडस्कीने ऐकलं नाही, तर तक्रार न केल्याबद्दल आपण अडचणीत येऊ. आपण. मुलगा नव्हे.

शेवटी सँडस्कीला सांगण्यात आलं की मुलांना इमारतीत आणू नकोस. एवढंच. म्हणजे तू जे करतोस ते आमच्या छताखाली नको. १९७७ मध्ये त्यानेच गरीब, विस्कटलेल्या घरांतल्या मुलांसाठी 'सेकंड माइल' नावाची संस्था काढली होती आणि मुलं त्याला तिथूनच मिळत होती. ती संस्था चालू राहिली, मुलं येत राहिली. २००८ मध्ये एक शाळकरी मुलगा आणि त्याची आई बोलली, तेव्हा कुठे तपास सुरू झाला. नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्कीला अटक झाली. जून २०१२ मध्ये ज्युरीने ४८ पैकी ४५ आरोपांत त्याला दोषी ठरवलं आणि ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. त्या ४५ मध्ये २००१ नंतरच्या मुलांवरचे अत्याचार आहेत. त्या शनिवारी त्या मुलांच्या बाबतीत हे अजून घडायचं होतं, त्यांना वाचवता आलं असतं.

१९९८ मध्येही एका आईने तक्रार केली होती. विद्यापीठ पोलिसांनी चौकशी केली आणि खटला झाला नाही. पटर्नोंना ते माहीत होतं का, यावर अजून वाद आहे. ग्रँड ज्युरीसमोर ते म्हणाले, दुसरं काही आठवत नाही. त्या काळच्या एका ई-मेलमध्ये मात्र 'कोच' चौकशीचं काय झालं हे कळायला उत्सुक आहेत असं लिहिलेलं आहे. एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांनी जुलै २०१२ च्या अहवालात निष्कर्ष काढला की पटर्नोंसह चौघांनी हे सगळं दडपलं. कुटुंबाने स्वतःचे तज्ज्ञ नेमून तो अहवाल खोडून काढायचा प्रयत्न केला. मी दोन्ही बाजू वाचल्या. मला त्या वादात फार रस उरलेला नाही, कारण माझा प्रश्न दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेल्या गोष्टींतूनच येतो.

तो मुलगा कोण होता?

एवढंच कुणी विचारलं नाही. मॅक्वेरीने नाही, पटर्नोंनी नाही, कर्लींनी नाही, स्पॅनियर यांनी नाही. त्या रात्री तो मुलगा कुठे झोपला, त्याला घरी कुणी सोडलं, त्याच्या आईला काही कळलं का. कुणीतरी गाडी काढून त्याला शोधायला जायला हवं होतं. पुढे खटल्यात त्याचं नाव 'बळी क्रमांक २' असं राहिलं आणि तो ज्युरीसमोर साक्षीला आलाच नाही. पटर्नो खेळाडूंच्या घरी जात, त्यांच्या आयांशी बोलत. कुणाचा अभ्यास मागे पडला, कुणाचे वडील आजारी आहेत हे त्यांना माहीत असे. असा माणूस दहा वर्षांत एकदाही विचारत नाही, अरे, त्या पोराचं काय झालं? मला वाटतं त्यांना ते पोर दिसलंच नाही. त्यांना दिसला जुना सहकारी, दिसला संघ, दिसली अडचण. ती अडचण त्यांनी रविवारी योग्य माणसाकडे सोपवली.

मृत्यूच्या थोडे दिवस आधी दिलेल्या मुलाखतीत ते म्हणाले की हे नेमकं कसं हाताळावं हे कळलं नाही, म्हणून जास्त जाणकार वाटले त्यांच्यावर सोपवून आपण मागे झालो. अशा गोष्टी आपल्या पिढीने ऐकल्याच नव्हत्या, असंही. यावर माझा अर्धाच विश्वास बसतो. काय घडलं हे नेमकं न कळणं शक्य आहे, पण एखादं मूल संकटात आहे हे कळायला तेवढं कळावं लागत नाही.

पटर्नोंबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. शाळेत एका जेझुइट पाद्र्याने त्यांच्याकडून व्हर्जिलचं 'एनिड' मूळ लॅटिनमधून वाचून घेतलं होतं, आणि एनीअस हा त्यांचा आयुष्यभराचा नायक होता: स्वतःच्या सुखाआधी कर्तव्य ठेवणारा. त्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ट्रॉय जळत असतं. एनीअस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, लहान मुलाचा हात धरतो आणि शहराबाहेर निघतो. बायको क्रियूसा मागून चालत असते. ठरलेल्या जागी पोचल्यावर त्याच्या लक्षात येतं की ती नाही, मागे राहिली. तेव्हा तो सगळ्यांना तिथेच ठेवून एकटा जळत्या शहरात परत जातो. शत्रू आसपास असताना गल्ल्यागल्ल्यांतून तिच्या नावाने हाका मारत फिरतो, पुन्हा पुन्हा. ती त्याला जिवंत सापडत नाही. पण तो परत गेलेला असतो. पटर्नोंनी हे पान कितीदा वाचलं असेल! संस्थेला खांद्यावर घेऊन ते नीट बाहेर आले, आणि मागे कोण राहिलं हे बघायला वळले नाहीत.

त्यानंतरचं सगळं जगाने बघितलं. ९ नोव्हेंबर २०११ ला सकाळी त्यांनी जाहीर केलं की हंगाम संपल्यावर मी निवृत्त होईन. आज मागे वळून बघताना आणखी काही करायला हवं होतं असं वाटतं, असंही ते म्हणाले. त्याच रात्री विश्वस्तांनी त्यांना फोनवरून काढून टाकलं. हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वाहिनीची गाडी उलटवली. कोचसाठी. मुलांसाठी मेणबत्त्या दोन दिवसांनी लागल्या. २२ जानेवारी २०१२ ला फुप्फुसाच्या कर्करोगाने पटर्नो गेले. जुलैमध्ये स्टेडियमबाहेरचा त्यांचा ब्राँझचा पुतळा उतरवला. त्यामागच्या भिंतीवर तीन शब्द होते: शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी. गावातल्या एका मोठ्या भित्तिचित्रात त्यांच्या मृत्यूनंतर चित्रकाराने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय रंगवलं होतं, ते त्यानेच पुसलं. १९९८ पासूनचे १११ विजय त्यांच्या खात्यातून काढले, २०१५ मध्ये परत दिले. कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर पुढे मुलांना धोक्यात घातल्याबद्दल दोषी ठरले. विद्यापीठाने पीडितांना दहा कोटींहून अधिक डॉलर भरपाई दिली. विजय काढले, विजय दिले, पुतळा उतरवला, पुतळा परत आणा म्हणून मागण्या झाल्या. सगळी भांडणं पुन्हा त्या एकाच माणसाच्या नावाची.

आता माझं.

मी वीस वर्षांची असताना एका उन्हाळी पोहण्याच्या शिबिरात मदतनीस होते. शिबिर चालवणाऱ्या सरांना सगळे मानायचे, आणि ते मानण्यासारखेच होते. एकदा मी बुडता बुडता वाचले ती त्यांच्यामुळे. शिबिरात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता. पोहून झाल्यावर सगळी पोरं कपडे बदलायला पळायची, हा ओल्या कपड्यांत बाहेर कठड्यावर बसून राहायचा, दातांवर दात आपटत. एक विशिष्ट शिक्षक निघून गेला की मगच आत जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "का रे, आत का जात नाहीस?" तो काही बोलला नाही, टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला.

मी सरांकडे गेले.

"सर, तो एक मुलगा त्या सरांना घाबरतो असं वाटतं. काहीतरी आहे."

"काही म्हणाला का तो?"

"नाही."

"बरं. बघतो मी. तू कुठे बोलू नकोस, उगाच कुणाचं नाव खराब व्हायचं."

"हो सर."

किती हलकं वाटलं मला त्या संध्याकाळी! आजही तो हलकेपणा आठवतो. घरी जाऊन पोटभर जेवले. मी योग्य तेच केलं होतं, योग्य माणसाला सांगितलं होतं. शिबिराचे राहिलेले दिवस मी दुसऱ्या गटाबरोबर होते, म्हणजे तो गट मी मागून घेतला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो मुलगा त्यानंतर कठड्यावर बसायचा की नाही, हे मी बघितलं नाही. सरांनी काही केलं असेलही. मी त्यांना परत विचारलं नाही, एकदाही नाही, आणि आता सर नाहीत.

मी पटर्नोंइतकी मोठी नव्हते, वीस वर्षांची होते, हे स्वतःला सांगून बघितलं. ते खरं आहे. पण त्यानंतर मी तीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले. त्या प्रत्येक वर्षी विचारता आलं असतं.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना शिबिराचा ग्रूप फोटो सापडला. मागे वर्ष लिहिलंय, सरांचं नाव आहे, आम्हा मदतनिसांची नावं आहेत. मुलांची नाहीत. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा तो असावा. चेहरा अर्धा पुढच्याच्या डोक्यामागे गेलाय. तेव्हा माझ्याबरोबर मदतनीस असलेल्या मैत्रिणीला मी फोटो पाठवला आणि विचारलं, हा कोण ग? तिला नाव आठवलं नाही. पण फोटोत त्याच्या शेजारी उभा असलेला मुलगा तिच्या ओळखीतला निघाला, आणि ते दोघं एकाच शाळेतून आले होते म्हणे. त्याचा नंबर तिने मघाशी पाठवलाय.

आज शनिवार आहे, संध्याकाळचे सात वाजलेत. नंबर लावलाय, रिंग वाजतेय.